अठ्ठेचाळीस मतं आणि एक ओटीपी

4 जून 2024. गोरेगावच्या नेस्को संकुलात मुंबई उत्तर पश्चिम लोकसभा मतदारसंघाची मोजणी चालली होती. अंधेरी, वर्सोवा, जोगेश्वरी, गोरेगाव, दिंडोशी इथल्या सगळ्या यंत्रांची बेरीज झाली, तेव्हा शिवसेनेच्या ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर शिंदे गटाच्या रवींद्र वायकरांच्या पुढे होते. किती मतांनी? एका! 4,51,095 विरुद्ध 4,51,094. मग टपाली मतं मिळवली. वायकरांना 1,550, कीर्तिकरांना 1,501. निकाल फिरला आणि वायकर 48 मतांनी खासदार झाले.

त्या दिवशी उपनगरांतल्या लोकलमध्ये, नाक्यावर, घरोघरी मोबाइलवर आकडे हलत होते. ते आपल्यापर्यंत कसे येतात, हे बघण्यासारखं आहे.

मोजणीच्या टेबलावर नियंत्रण यंत्राचं निकालाचं बटण दाबलं की प्रत्येक उमेदवाराची मतं पडद्यावर येतात. उमेदवारांचे प्रतिनिधी समोर बसून ती टिपून घेतात, फेरीच्या तक्त्यावर सह्या होतात. यंत्राला वायफाय नाही, सिमकार्ड नाही, बाहेरच्या जगाशी कसलीच जोडणी नाही. कागदावर उतरलेला तोच आकडा मग शेजारच्या संगणकावर आयोगाच्या ‘एनकोअर’ प्रणालीत हाताने भरला जातो. तिथून तो संकेतस्थळावर, वाहिन्यांवर आणि आपल्या तळहातावर पोचतो. या प्रणालीत शिरायला अधिकाऱ्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो.

आणि पुढचं सगळं वादळ या ओटीपीवरून उठलं.

वायकरांच्या एका नातेवाइकाने मोजणी केंद्रात मोबाइल वापरल्याची तक्रार झाली, वनराई पोलिसांनी गुन्हा नोंदवला. केंद्रात असा मोबाइल वापरायला मनाई आहे, त्यामुळे चौकशी रास्तच होती. पण जूनच्या मध्याला बातमी छापून आली की त्या मोबाइलच्या ओटीपीने मतदान यंत्रच उघडता येत होतं. योगायोग असा, की 15 जूनला इलॉन मस्क यांनी पोर्तो रिकोतल्या निवडणुकीतल्या घोळावरून मतदान यंत्रं हद्दपार करावीत असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी राहुल गांधींनी ते लिखाण आणि गोरेगावची बातमी एकत्र पुढे पाठवली. कॅरिबियन समुद्रातलं बेट आणि आपलं नेस्को एका पडद्यावर आलं! त्याच दिवशी निवडणूक निर्णय अधिकारी वंदना सूर्यवंशी यांनी खुलासा केला: यंत्र उघडायला ओटीपी लागतच नाही, तो एनकोअरसाठी असतो. म्हणजे आकडे आपल्यापर्यंत आणणाऱ्या वाटेची किल्ली लोकांना मतपेटीची किल्ली वाटली. मला यात लोकांचा भाबडेपणा दिसत नाही. 48 मतांच्या फरकाने शंका येणं स्वाभाविक होतं. लोकांना मोजणीच्या कामाची माहिती आधी कुणी दिलेलीच नव्हती. निकालाला आव्हान देणारी कीर्तिकरांची याचिका उच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये फेटाळली.

याच मतदारसंघातल्या वर्सोव्यात नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेला पडद्यावरचा आकडा आणि मत यांतलं अंतर वेगळ्याच रीतीने दिसलं. अभिनेते एजाज खान यांना तेव्हा इन्स्टाग्रामवर 56 लाख लोक पाहत होते. त्यांना मतं पडली 155. ‘नोटा’ला त्यांच्या कित्येक पट, 1,298. विजयी उमेदवार हारून खान यांचा फरक होता 1,600 मतांचा. पडद्यावरचे 56 लाख देशभर विखुरलेले असतात. मत द्यायला मात्र यारी रोडच्या किंवा सात बंगल्याच्या यादीत नाव असावं लागतं आणि मतदानाच्या दिवशी उठून केंद्रापर्यंत जावं लागतं.

याच मतदारसंघातल्या अंधेरी पूर्वच्या 2022 च्या पोटनिवडणुकीत तर भाजपने उमेदवार मागे घेतला, ऋतुजा लटके यांचा विजय नक्की झाला आणि चुरसच संपली. तरीही 12,806 माणसं केंद्रापर्यंत जाऊन ‘नोटा’ दाबून आली. दुसऱ्या क्रमांकाची मतं ‘नोटा’ची!

निकालानंतर आयोग ‘नमुना 20’ हा तक्ता जाहीर करतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते केंद्रनिहाय दिलेलं असतं. उत्तर पश्चिमचा तक्ता उघडून आपल्या शाळेतलं किंवा सोसायटीतलं केंद्र शोधा, दोन उमेदवारांमधलं तिथलं अंतर बघा, आणि ते 48 शी ताडून पाहा.