दोन कर्करोगांतील फरक सांगणारी रंगपरीक्षा

अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीत राबलेल्या कामगाराला ३०-४० वर्षांनीही फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजेच मेसोथेलिओमा, होऊ शकतो. फुप्फुसातील अ‍ॅडिनोकार्सिनोमा आवरणात पसरला, तर सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसू शकतात. उपचार मात्र वेगळे असतात.

अशा वेळी काढलेल्या तुकड्याच्या पातळ कापांवर प्रतिपिंडे सोडतात. ठरावीक प्रथिन असेल तेथे बहुधा तपकिरी रंग उमटतो. कॅलरेटिनिन व डब्ल्यूटी-१ रंगले तर कल मेसोथेलिओमाकडे. टीटीएफ-१ व क्लॉडिन-४ रंगले तर अ‍ॅडिनोकार्सिनोमाकडे. एकटा रंग फसवू शकतो, म्हणून दोन्ही बाजूंच्या किमान दोन-दोन चाचण्या करतात.

मेसोथेलिओमाचे बोट बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसकडेच जाते. नुकसानभरपाई मागताना हाच अहवाल कामी येतो. म्हणून डॉक्टरांना जुने काम अवश्य सांगा आणि अहवाल जपून ठेवा.