एकाच डोळ्याला अंधुक दिसते?

एका डोळ्याची नजर उतरली तरी दुसरा काम भागवतो. म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही. आळीपाळीने एकेक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचून पाहावे. फरक वाटला तर कारण शोधलेच पाहिजे. उसाचे पान लागले असेल तर बुबुळाच्या जखमेत बुरशी धरू शकते. त्यात दुकानातून आणलेले स्टेरॉईडचे थेंब घातले की ती आणखी फोफावते. काही न दुखता अचानक अंधारी आली तर पडदा सुटलेला किंवा रक्तवाहिनी तुंबलेली असू शकते. अशा वेळी हंगाम चालू असला तरी त्याच दिवशी सोलापूरच्या सिव्हिलमध्ये डोळा दाखवावा. मधुमेह, रक्तदाब असेल तर तेही सांगावे. उसाला खोडवा येतो, गेलेल्या नजरेला येत नाही.