गावच्या शाळेच्या पाठीशी

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी ‘महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१’ या कायद्याने जिल्हा परिषदांकडे आली, आणि १ मे १९६२ रोजी या परिषदा अस्तित्वात आल्यापासून गावोगावी शाळा उघडणे, शिक्षक नेमणे, त्यांच्या बदल्या करणे आणि अध्यापनावर देखरेख ठेवणे ही कामे जिल्ह्याच्या ठिकाणाहून चालत आली आहेत. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे सोडले तर राज्यात आज ३४ जिल्हा परिषदा आहेत आणि त्यांच्या शाळा साठ हजारांच्या आसपास आहेत. त्यांतील फार मोठा भाग लहान, म्हणजे पहिली ते चौथीच्या द्विशिक्षकी शाळांचा आहे. अशा शाळेत लिपिक नसतो, शिपाई नसतो आणि दोनपैकी एक शिक्षक मुख्याध्यापकाचाही कार्यभार सांभाळत असल्यामुळे, एखाद्या मुलाला वाचन का जमत नाही याचा विचार करताना सल्ला विचारावा असा माणूस जवळपास क्वचितच सापडतो. शहरातील मोठ्या शाळेत हा आधार शिक्षकांच्या खोलीतच मिळतो; वाडीवस्तीवरच्या शाळेला तो बाहेरूनच पुरवावा लागतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाचे यशापयश प्रामुख्याने या एका कसोटीवर पाहावे लागते, कारण विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणारी जवळजवळ प्रत्येक मदत त्याच्या शिक्षकाच्या हातूनच पोहोचते.

ही मदत पुरवणारी रचना वरून खाली अशी आहे: जिल्ह्याला प्राथमिक विभागाचे शिक्षणाधिकारी, तालुक्याला गटशिक्षणाधिकारी, तालुक्याच्या एकेका विभागाला, म्हणजे ‘बीट’ला, विस्तार अधिकारी आणि त्याखाली केंद्रप्रमुख. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था स्थापण्याचे धोरण आले. ती ‘डाएट’ या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. या साखळीत केंद्रप्रमुखाचे पद सर्वांत नवे आणि शाळेच्या सर्वांत निकटचे आहे. त्याआधी शाळेकडे बाहेरून येणारा माणूस हा मुख्यतः तपासणीसाठी येत असे. जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘दिपोटी’, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी साहेब, येणार या वार्तेने शाळा झाडूनपुसून तयार होत असे, आणि तपासणी उरकली की तो संबंध पुढच्या वर्षापर्यंत संपत असे. १९९४ मध्ये राज्याने साधारण दहा-बारा शाळांचा एक समूह, त्यातील एक मध्यवर्ती केंद्रशाळा आणि त्या समूहासाठी एक केंद्रप्रमुख अशी योजना आखली आणि राज्यभर ४,८६० केंद्रे निर्माण केली. केंद्रप्रमुखाने शाळांना वरचेवर भेटी द्याव्यात, अडलेल्या विषयाचा पाठ स्वतः वर्गात घेऊन दाखवावा आणि दरमहा शिक्षण परिषद, म्हणजे समूहातील सर्व शिक्षकांची एकत्र बैठक, भरवून त्यांना परस्परांचे अनुभव ऐकू द्यावेत, अशी कल्पना होती. त्याच वर्षी सुरू झालेल्या केंद्रपुरस्कृत जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद (आजचे धाराशिव) आणि परभणी हे पाच जिल्हे निवडले गेले होते आणि गट व समूह पातळीवरील साधन केंद्रांवर त्या कार्यक्रमाचाही भर होता.

ही कल्पना किती फलदायी ठरू शकते याचे ठळक उदाहरण सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये दिसले. तेथील विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी आपल्या बीटमधील शिक्षकांसोबत ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग उभे केले. ज्ञानरचनावाद म्हणजे मूल सांगितलेले ज्ञान नुसते साठवत नाही, तर आपल्या पूर्वानुभवाशी जोडून ते स्वतः रचते, ही भूमिका. त्यानुसार फळ्यासमोर रांगेने बसण्याऐवजी मुले जमिनीवर आखलेल्या आकृत्या, काड्यांचे गठ्ठे, मणी आणि शब्दपट्ट्या घेऊन गटागटांत काम करू लागली. राज्यातून हजारो शिक्षक ते वर्ग प्रत्यक्ष पाहण्यासाठी कुमठ्याला येऊन गेले, आणि २२ जून २०१५ रोजी शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जाहीर केला, त्यामागे या अनुभवाचा मोठा वाटा होता. कार्यक्रमाची खरी ताकद परिपत्रकात नव्हती. एका शिक्षकाने आपल्यासारख्याच दुसऱ्या शिक्षकाचा, आपल्यासारख्याच गावातला, तेवढ्याच साधनांचा वर्ग पाहिला आणि ‘हे आपल्याही शाळेत होऊ शकते’ असा विश्वास घेऊन तो परतला. सभागृहातील चार दिवसांच्या व्याख्यानांनी जे वर्षानुवर्षे साधले नव्हते ते अशा एका भेटीने साधले. ‘असर’ या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या, ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत २०१४ ते २०१८ या काळात महाराष्ट्रातील सरकारी शाळांतील वाचनाची पातळी सुधारलेली आढळली. या सुधारणेचे सारे श्रेय एका कार्यक्रमाला देणे घाईचे होईल, परंतु शिक्षकांमध्ये त्या काळात संचारलेला उत्साह ही खरी घटना होती. या कार्यक्रमाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. शंभर टक्के मुले प्रगत झाल्याचे दाखवण्याचे उद्दिष्ट वरून उतरू लागले, तेव्हा काही ठिकाणी शाळा प्रगत होण्यापेक्षा प्रगत म्हणून घोषित होण्याला महत्त्व आले आणि जमिनीवरच्या रंगीत आकृत्या हीच गुणवत्तेची खूण समजली जाऊ लागली. पुढे कोरोनाकाळात दीर्घकाळ बंद राहिलेल्या शाळांचा फटका बसला आणि २०२२च्या पाहणीत वाचनाची पातळी पुन्हा घसरलेली दिसली.

ज्या पदावर ही सारी रचना उभी होती त्या केंद्रप्रमुखपदाची मात्र उपेक्षा झाली, आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षणव्यवस्थेतील सर्वांत महागात पडलेली चूक हीच म्हणावी लागेल. पदोन्नती, थेट भरती आणि मर्यादित स्पर्धा परीक्षा यांचे प्रमाण वेळोवेळी बदलत गेले, त्यातून भरती रखडली आणि पदे रिक्त होत गेली. डिसेंबर २०२२ मध्ये निम्मी पदे पदोन्नतीने आणि निम्मी विभागीय परीक्षेने भरण्याचे ठरले. त्यानुसार २०२३ मध्ये २,३०० हून अधिक पदांसाठी परीक्षा जाहीर झाली, आणि तीही पुढे ढकलली गेली. एकूण पदे ४,८६० असताना निम्म्याच्या जवळपास पदांचा प्रश्न असा लोंबकळत राहिला, याचा शाळेच्या पातळीवरचा अर्थ गंभीर आहे. रिक्त केंद्राचा अतिरिक्त कार्यभार एखाद्या शिक्षकाकडे किंवा मुख्याध्यापकाकडे दिला जातो, त्यामुळे केंद्रातील शाळांना मिळायचा तो आधार मिळत नाहीच, शिवाय त्या प्रभारी केंद्रप्रमुखाचा स्वतःचा वर्गही वाऱ्यावर पडतो. पद भरलेले असले तरी केंद्रप्रमुखाचा दिवस बहुधा माहिती गोळा करण्यात जातो. जिल्ह्याकडून तालुक्याला, तालुक्याकडून केंद्राला आणि केंद्राकडून शाळांना ‘आजच्या आज’ पाठवायच्या तक्त्यांचे संदेश जातात, भरलेले तक्ते त्याच वाटेने वर परततात, आणि पाठ घेऊन दाखवणारा मार्गदर्शक हळूहळू टपाल पोहोचवणारा माणूस होतो. त्यात त्याचा दोष शोधणे अन्यायाचे आहे. वरच्या कार्यालयांनी त्याला ज्या कामाचा जाब विचारला तेच काम त्याने केले.

हाच भार शिक्षकावर अधिक तीव्रतेने पडतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ या कायद्याच्या कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांवर शिक्षकाला नेमता येत नाही. तरीही विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी ‘सरल’, शाळेच्या माहितीसाठी ‘यू-डायस’, वेतनासाठी ‘शालार्थ’ अशा निरनिराळ्या संगणकीय प्रणालींत तीच तीच माहिती भरणे, पोषण आहाराचा रोजचा हिशेब ठेवणे, मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून मतदारयाद्यांसाठी घरोघर फिरणे, निरनिराळ्या अभियानांची छायाचित्रे पाठवणे अशी कामे वाढतच गेली. शिक्षक संघटनांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने कामांची शैक्षणिक, शैक्षणिकपूरक आणि अशैक्षणिक अशी वर्गवारी जाहीर केली. वर्गवारी स्वागतार्ह असली तरी द्विशिक्षकी शाळेपुढचा प्रश्न तिने सुटत नाही, कारण एक शिक्षक प्रशिक्षणाला किंवा बैठकीला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात, मग ते बाहेरचे काम कागदोपत्री कोणत्याही प्रकारात मोडत असो.

शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या यांतील चित्र मात्र संमिश्र आहे. २०१२ पासून काही वर्षे शिक्षकभरती जवळजवळ थांबलेली होती; शिक्षक पात्रता परीक्षा, अभियोग्यता चाचणी आणि ‘पवित्र’ या संगणकीय प्रणालीद्वारे ती पुढे पुन्हा सुरू झाली. नव्या शिक्षकाची पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर जातात. २००० साली ही योजना आली तेव्हा प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन तीन हजार रुपये होते, नंतर ते सहा हजार झाले आणि २०२३ पासून सोळा हजार झाले. घरापासून दूरच्या जिल्ह्यात खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या तरुण शिक्षकाला तीन वर्षे सहा हजारांवर ठेवणाऱ्या व्यवस्थेने त्याच्याकडून निश्चिंत मनाने शिकवण्याची अपेक्षा धरली होती, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. बदल्यांच्या बाबतीत मात्र खरे यश मिळाले. फेब्रुवारी २०१७च्या धोरणानुसार २०१८ मध्ये जिल्हांतर्गत बदल्या संगणकीय प्रणालीने झाल्या. दुर्गम गावे ‘अवघड क्षेत्र’ म्हणून आधीच जाहीर झाली, तेथे तीन वर्षे काम केलेल्यांना बदलीचा अधिकार मिळाला, आणि गंभीर आजार, अपंगत्व किंवा पती-पत्नी दूरवर असणे अशा कारणांना ठरलेला प्राधान्यक्रम लाभला. अंमलबजावणीबद्दल तक्रारी झाल्या, काही शिक्षक विस्थापितही झाले, तथापि बदलीसाठी पुढाऱ्यांचे उंबरठे झिजवण्याची गरज या पद्धतीने पुष्कळ कमी केली आणि शिक्षकांच्या स्वाभिमानाला बळ दिले.

विद्यार्थ्यांना थेट मिळणाऱ्या मदतीतही निर्णय शाळेजवळ असण्याचे महत्त्व वारंवार प्रत्ययाला येते. मोफत गणवेशाची रक्कम पूर्वी शाळा व्यवस्थापन समितीकडे येत असे. या समितीचे पंचाहत्तर टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांसाठी असतात. गणवेशामागे तीनशे रुपये ही रक्कम अपुरीच होती, पण गावातल्या किंवा जवळच्या बाजारातल्या शिंप्याकडून मापे घेऊन कपडे वेळेत मिळत. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात ‘एक राज्य, एक गणवेश’ या धोरणाखाली कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली आणि शिलाईचे काम महिला बचत गटांकडे गेले. हेतू चांगला होता, परंतु कापड आणि शिलाई यांची सांगड बसली नाही, अनेक ठिकाणी स्वातंत्र्यदिनापर्यंतही गणवेश पोहोचले नाहीत आणि पोहोचलेल्यांत मापांच्या तक्रारी निघाल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये हा अधिकार पुढील वर्षासाठी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना देण्याचा निर्णय झाला.

ऊसतोडणी कामगारांच्या मुलांची स्थिती याहून कठीण आहे. बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव अशा जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या परिसरात जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, आणि धाकट्या भावंडांना सांभाळणे व वाढे गोळा करणे हे मुलांच्या वाट्याचे काम. एका शैक्षणिक वर्षाचा निम्मा भाग असा बुडाला की ते मूल वर्गात राहूनही मागे पडते. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवून पाहण्याचा प्रयोग झाला. नंतर मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहांवर भर आला, ज्यांत मूल आजी-आजोबांकडे राहते आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. स्थलांतर अटळ असेल तर मुलासोबत शिक्षण हमी कार्ड द्यावे आणि नव्या गावातील शाळेने त्याला विनाअट दाखल करून घ्यावे, अशी तरतूदही २०१५ मध्ये झाली. पालकांची समजूत काढून मुले मागे ठेवून घेणाऱ्या शिक्षकांची कामगिरी आदराने नोंदवण्यासारखी आहे. वसतिगृहांची मंजुरी आणि निधी हंगाम सुरू झाल्यानंतर येतो तेव्हा या समजुतीचा पायाच ढासळतो. आईवडील निघण्याच्या दिवशी चूल पेटलेली नसेल तर मूल गाडीत बसते.

अलीकडचा एक निर्णय मात्र १९९४च्या केंद्रसमूहांच्या मूळ कल्पनेशी नाते सांगणारा आहे. दिव्यांग मुलांना सामान्य शाळेतच शिकता यावे यासाठी काम करणारे विशेष शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटी पद्धतीने, तुटपुंज्या मानधनावर, कित्येक गावांतून फिरत होते. अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या घरी जाऊन त्याला शिकवणे आणि त्याच्या आईला व्यायाम समजावून देणे हेही त्यांच्या कामात येत असे. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्यासाठी ४,८६० पदे मंजूर केली, म्हणजे प्रत्येक केंद्राला एक. अंध, कर्णबधिर, बौद्धिक अक्षमता असलेली आणि बहुविकलांग मुले यांच्या गरजा परस्परांपासून फार भिन्न असल्यामुळे एका केंद्रातील एका शिक्षकाला त्या सर्वांच्या अध्यापनाचे कौशल्य असणे शक्य नाही, आणि म्हणून शेजारच्या केंद्रांतील विशेष शिक्षकांनी एकमेकांच्या शाळांना ठरावीक दिवशी भेटी देण्याची व्यवस्था तालुक्याच्या पातळीवर बसवावी लागेल. ती बसवण्याचे काम गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुख यांचे आहे, आणि त्यासाठी केंद्रप्रमुखांच्या रिकाम्या खुर्च्या आधी भराव्या लागतील.