थंडीतली घरदुरुस्ती : आधी वही, मग वीट

पावसाळा सरला की आपल्या वस्तीत घरोघरी एकच बोलणे निघते : "यंदा घराचे काम काढायचेच." छताला पडलेले ओलीचे डाग, भिंतीचे सुटलेले पोपडे, मोरीतून शेजारच्या घरात पाझरणारे पाणी, सगळे डोळ्यांसमोर असते. मग दिवाळी येते, लग्नसराई येते, पैसा दुसरीकडे जातो. काम निघते ते थेट मे महिन्यात, नळाला पाणी नसताना आणि पाऊस दाराशी आलेला असताना.

ही चूक मी स्वतः केली आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या दोन खोल्यांच्या घराला मी मे महिन्यात हात घातला. पाहुण्यांना दिसेल ते आधी, असा विचार केला. लादी बसवली, रंग काढला. पत्रे जुने होते, ते 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून ठेवले. जुलैत पत्र्यांतून पाणी उतरले, भिंत फुगली, रंग हाताला येऊ लागला. भर पावसात पत्रे बदलावे लागले आणि हातात पैसा नव्हता. एका खाजगी माणसाकडून ४०,००० रुपये घेतले, शेकडा ५ रुपये महिना व्याजाने. मी बी.कॉम. झालेला कारकून, दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासतो; पण घरचा हिशेब चुकला. महिन्याला २,००० रुपये व्याज. वर्षात २४,००० गेले आणि मुद्दल ४०,००० जागच्या जागी उभे. त्या वर्षी मोठ्या मुलीचा क्लास बंद करावा लागला. तिने एक शब्दही न बोलता क्लासच्या वह्या कपाटात ठेवल्या, ते अजून विसरता येत नाही.

पुढे मोरीचे काम काढले ते डिसेंबरात, पत्नीने लिहिलेल्या वहीप्रमाणे. ते ठरल्या पैशात झाले.

थंडीच का?

हवामान खात्याच्या सर्वसाधारण तारखांप्रमाणे मुंबईतून पाऊस ८ ऑक्टोबरला परततो आणि ११ जूनला येतो. मधले आठ महिने कोरडे. पण फेब्रुवारीनंतर ऊन तापते, ताजा गिलावा लवकर सुकून तडकतो आणि अनेक वस्त्यांत पाण्याची ओढाताण सुरू होते. नोव्हेंबर ते जानेवारीत पावसाचे डाग अजून दिसत असतात, हवा कोरडी असल्याने रंगापूर्वी भिंत नीट वाळते.

मात्र थंडीत सिमेंट सावकाश घट्ट होते. नागपूर-नाशिककडे पारा १५ अंशांखाली उतरला, तर स्लॅबचे टेकू नेहमीच्या मुदतीत काढण्याची घाई करू नये. 'थंडी आहे, पाणी मारायला कशाला हवे?' असे म्हणणाऱ्या गवंड्याचेही ऐकू नये. कोरडा वारा ओल शोषून घेतो. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारावेच लागते. ते कोण मारणार, हे आधी घरात ठरवा.

वहीत काय लिहावे?

एका रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून घर पाहावे. जिथे गळले तिथे खडूने खूण करावी. मग वहीत तीन रकाने पाडावे : पाणी आत येते ते, जिवाला धोका आहे ते आणि शोभेचे. पत्रा, गच्ची, मोरी पहिल्या रकान्यात. उघड्या वायरी, सुटलेले प्लास्टर दुसऱ्यात. लादी आणि रंग तिसऱ्यात. पैसे याच क्रमाने खर्चावेत.

कामाचा क्रम वरून खाली. आधी छप्पर, मग भिंती आणि नळ-वायरी, मग लादी, शेवटी रंग. पत्र्याचे हूक उंचवट्यावरच मारून घ्यावेत. खोलगट भागात मारले की पाणी तिथूनच आत येते. जुने सिमेंटचे पत्रे फोडू नका, कोरडे कापू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असते आणि त्याच्या धुळीने फुप्फुसाचा कर्करोग होतो. पाणी मारून अख्खे उतरवावेत, मुलांना दूर ठेवावे. गच्चीचे काम झाल्यावर पावसाची वाट न बघता दोन दिवस पाणी साठवून पाहावे.

सिमेंटच्या पोत्यावर बनवल्याचा आठवडा आणि साल छापलेले असते. तीन महिन्यांहून जुने पोते घेऊ नये, त्याचा जोर कमी झालेला असतो. उंची वाढवायची किंवा भिंत सरकवायची असेल, तर पालिकेत वा ग्रामपंचायतीत आधी विचारावे. नोटीस आल्यावर धावाधाव नको.

पैसा आणि तारखा

अंदाज दोन-तीन गवंड्यांकडून घ्यावा, माल किती आणि मजुरी किती ते वेगळे लिहून घ्यावे. एकूण रकमेच्या दहा हजारांमागे दीड हजार बाजूला ठेवावेत, कारण भिंत फोडल्याशिवाय आतले दुखणे कळत नाही. उचल थोडी द्यावी, पण झालेल्या कामाची मजुरी त्या त्या आठवड्याला चुकती करावी. गवंडी-बिगारीही आपल्यासारखेच हातावर पोट असलेले आहेत.

पैसे कमी पडले तर पतपेढी, बचत गट यांच्याकडे जा. तेही जमत नसेल तर या थंडीत फक्त पत्रे बदला, लादी पुढच्या थंडीत. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, पण कायदा असला तरी व्याज आपल्याच पगारातून जाते. घर कच्चेच असेल, तर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना आहे. तिची चौकशी आधी करावी.

६ डिसेंबरला चैत्यभूमीला जायचे असेल, तर छप्पर उघडे टाकून जाऊ नका. त्याआधी पूर्ण करा किंवा परतल्यावर सुरू करा. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात, म्हणून ठोकाठोक जानेवारीच्या मध्यापर्यंत संपली पाहिजे.

कोणी सांगेल, पौषात काम काढू नका, मोरीची दिशा वास्तुशास्त्राप्रमाणे फिरवा. चांगली मोरी फोडून पैसे घालवू नका. सिमेंटला पंचांग कळत नाही, त्याला पाणी लागते.

बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले, तेव्हा पुस्तकांची जागा आधी पाहिली. आपल्या दोन खोल्यांत ग्रंथालय होणार नाही. पण एका कोरड्या भिंतीला फळी, तिच्याखाली बसायची जागा आणि वर एक दिवा एवढे होते. वहीत रंगाच्या आधी ते लिहा. आमच्याकडे ती फळी मोरीच्या कामाबरोबरच बसली आणि कपाटातल्या वह्या पुन्हा बाहेर आल्या.