आकड्यामागचे माप

२०१८ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पेट्रोल दरवाढीच्या बातम्यांत परभणीचे नाव राज्यभर गाजले. मनमाडजवळच्या डेपोपासून टँकरला सुमारे तीनशे किलोमीटर यावे लागते. त्या भाड्यामुळे येथील दर मुंबई-पुण्याहून चढे राहतात. अशा ठिकाणी टाकीत कोणते पेट्रोल भरावे, हा हौसेचा नव्हे, हिशेबाचा प्रश्न ठरतो. पुण्या-मुंबईत स्थिरावलेली मुले जपानी बनावटीची वेगवान गाडी घेऊन पर्युषणाला किंवा दिवाळीला घरी येतात आणि आजी-आजोबांना जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या दर्शनाला नेतात, तेव्हा तो उंबरठ्यावरच उभा राहतो.

निसानची जीटी-आर डिसेंबर २०१६ मध्ये भारतात अधिकृतपणे विक्रीस आली; तिची किंमत १ कोटी ९९ लाख रुपये होती. तिचे ३.८ लिटरचे इंजिन दोन टर्बोंनी हवा दाबून घेते. नेमक्या याच दाबात ऑक्टेनचे मर्म आहे. सिलिंडरमध्ये हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते, मग ठिणगी पडते आणि ज्वाला क्रमाने पसरते. पेट्रोल कच्चे असेल, तर ज्वाला पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप पेट घेते. त्यालाच इंजिनाचे ‘नॉकिंग’ म्हणतात. हे वारंवार घडले तर पिस्टन निकामी होऊ शकतो. या अकाली पेटण्याला पेट्रोल किती विरोध करते, याचे माप म्हणजे ऑक्टेन. आयसो-ऑक्टेन या द्रवाला १०० आणि हेप्टेनला ० मानून हा अंक ठरतो.

म्हणजे ऑक्टेन हे शुद्धतेचे माप नव्हे आणि शक्तीचेही नव्हे. ९१ ऑक्टेनसाठी बनलेल्या साध्या गाडीत १००चे पेट्रोल भरणे म्हणजे बहुतांशी पैसे वाया घालवणे होय. उलट ९८ मागणाऱ्या इंजिनात ९१ भरले, तर आधुनिक गाडीतील संवेदक नॉकिंग ओळखून ठिणगीची वेळ मागे घेतो. इंजिन वाचते, पण जोर घटतो आणि इंधन अधिक लागते. या संरक्षणालाही मर्यादा आहे. वैशाखात परभणीचा पारा चाळिशी ओलांडतो, गाडी भरलेली असते आणि वेगही मोठा असतो, तेव्हा हीच मर्यादा कसोटीला लागते.

खरी फसगत मात्र आकडा वाचताना होते. आपल्या व्यापारी पूर्वजांना ठाऊक होते की नुसता ‘मण’ म्हणून भागत नाही. बंगालचा मण सदतीस किलोंच्या पुढे, तर मुंबईचा तेरा किलोंच्याही आत होता. ऑक्टेनचेही तसेच आहे. भारत, जपान व युरोप येथे ‘संशोधन पद्धती’चा अंक लिहितात; त्यालाच रॉन म्हणतात. अमेरिकेत मात्र संशोधन व मोटर या दोन पद्धतींची सरासरी पंपावर लावतात आणि ती चार-पाच अंकांनी कमी दिसते. अमेरिकन पुस्तिकेतील ९१ म्हणजे आपल्याकडील सुमारे ९५ किंवा ९६. ती वाचून येथील ९१ भरणारा मालक नकळत कमी प्रतीचे इंधन घालतो. जपानी मानकात साध्या पेट्रोलला किमान ८९, तर प्रीमियमला किमान ९६ रॉन लागतो. तिकडच्या बाजारासाठी बनलेल्या गाडीच्या इंधन-झाकणावर जपानी लिपीत सूचना असते. ती जाणत्याकडून वाचून घ्यावी.

आपल्याकडे भारत स्टेज ६च्या साध्या पेट्रोलला किमान ९१ रॉन ठरवला गेला. त्यावर ९५चे प्रीमियम मिळते. इंडियन ऑईलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल दहा शहरांत आणले. त्यांत मुंबई व पुणे होती. जिल्ह्याच्या गावी ते मिळेलच असे गृहीत धरू नये. निघतानाच पुण्यात टाकी भरावी. अर्धी टाकी १००ची उरली असता वर ९५ भरले, तर मिश्रण साधारण साडेसत्त्याण्णवचे होते.

इथेनॉलचा हिशेब वेगळा मांडावा. इथेनॉलचे स्वतःचे ऑक्टेन १००च्या वर असल्याने २० टक्के मिश्रणाने पेट्रोलचा अंक सुमारे ९५पर्यंत वाढतो. परंतु त्यात उष्मांक पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, म्हणून मायलेज थोडे घटते. शिवाय जुन्या आयात गाड्यांचे रबरी नळ व सील इतक्या इथेनॉलसाठी बनलेले असतीलच असे नाही. अंक जुळला म्हणजे इंधन मानवले, असा निष्कर्ष काढू नये.

म्हणून क्रम असा असावा: गाडी कोणत्या देशाच्या बाजारासाठी बनली ते पाहावे, पुस्तिकेतील अंक कोणत्या पद्धतीचा आहे ते ठरवावे, मग पंपावरील अंकाशी ताडावे. योग्य इंधन मिळाले नाही, तर वेग व भार आवरून पुढील मोठ्या शहरापर्यंत जावे. इंजिनातून खडखड ऐकू आली, तर पाय लगेच सैल करावा.

पुस्तिका मागते त्याहून कमी देणे हे नुकसान, अधिक देणे हा अपव्यय. जैन घराला दोन्ही शोभत नाहीत. आकड्यापूर्वी माप विचारणे हाच पेढीवरचा जुना विवेक आहे. पेट्रोल पंपावरही तोच उपयोगी पडतो.