गेममधील अंधारामागे ‘एचडीआर’चे गणित

नव्या टीव्हीवर मालिका लख्ख दिसते. व्हिडिओ गेम लावताच मात्र गुहा काळ्याकुट्ट होतात आणि आकाश पांढरेफटक पडते. टीव्हीच सदोष असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात दोष बहुधा जुळणीचा असतो.

साधे चित्र टीव्हीच्या क्षमतेनुसार उजळते. २०१५ मध्ये जाहीर झालेल्या ‘एचडीआर १०’ मानकात मात्र प्रत्येक छटेची प्रखरता ‘निट’ या एककात ठरलेली असते. तिची कमाल मर्यादा १०,००० निट; स्वस्त टीव्ही अनेकदा ३००-४०० निटच देतात. मग गेम आणि टीव्ही दोघेही प्रखरता आवळतात व चित्राचा तोल जातो. मैंदर्गीसारख्या गावी उन्हाळ्याच्या दुपारी, उजेडाने भरलेल्या खोलीत तर गडद छटा दिसेनाशाच होतात.

हा दुहेरी फेरफार टाळण्यासाठी टीव्हीत ‘गेम मोड’ आणि सोय असल्यास ‘एचजीआयजी’ पर्याय निवडावा. त्यानंतर प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्सच्या एचडीआर जुळणीत, पडद्यावरील चिन्ह दिसेनासे होण्याच्या बेतात येईपर्यंत प्रखरता बदलावी. खिडकीचा पडदाही ओढावा. तरीही अंधार राहिल्यास एचडीआर बंद करून खेळणे श्रेयस्कर. नव्या टीव्हीचा खर्च करण्यापूर्वी एवढे अवश्य करून पाहावे.