गोळेश्वरचा पैलवान

कराड गावाशी कृष्णा आणि कोयना या दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात. त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. कराडच्या शेजारीच गोळेश्वर हे गाव आहे. गाव लहान, पण त्याचे नाव साऱ्या जगात पोचले. ते कोणी पोचवले? खाशाबा जाधव या पैलवानाने.

वाचकहो, आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत शिकवले. वर्गात आम्ही मुलांना पुसायचो, "स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या बळावर पहिले पदक कोणी मिळवून दिले?" मुले गप्प बसायची. कराड तालुक्यातली मुले, आणि त्यांनाच ठाऊक नाही! तेव्हा आमच्या मनात येई, की यात दोष मुलांचा नाही. त्यांना सांगितले कोणी? म्हणून आज ही हकीकत सांगतो.

आधी ऑलिंपिक म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांचे मैदान भरते. पंचक्रोशीतले मल्ल येतात. ऑलिंपिक हे साऱ्या जगाचे मैदान आहे. दर चार वर्षांनी ते भरते. पहिल्या आलेल्यास सोन्याचे, दुसऱ्यास रुप्याचे आणि तिसऱ्यास कांस्याचे पदक मिळते. पदक म्हणजे बिल्ला. त्याची किंमत धातूवर नसते. साऱ्या जगात आपला नंबर लागला, ही त्याची किंमत.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. कुस्तीचे पहिले धडे वडिलांनीच दिले. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात झाले. अंगाने ते काही आडदांड नव्हते. उंची बेताची, वजन थोडके. पण चपळाई अशी, की समोरचा सावरायच्या आत डाव पडलेला असे.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक झाले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला मदत केली आणि खाशाबा लंडनला गेले. तिथे एक अडचण आली. आपली कुस्ती लाल मातीत चालते. तिथली कुस्ती गादीवर. मातीत पाय रोवता येतो, गादीवर तो सरकतो. आपल्याकडे पाठ लागली की कुस्ती चितपट. तिथे घड्याळ लावतात, गुण मोजतात, आणि वजनावर गट पाडतात. खाशाबांना गादीची सवय नव्हती. तरीही पहिल्याच खेपेला ते आपल्या गटात सहावे आले. दुसरा कोणी एवढ्यावर खूश झाला असता. खाशाबा घरी आले ते पुढच्या खेपेची तयारी मनात धरूनच.

पुढचे ऑलिंपिक १९५२ साली हेलसिंकीला होते. हेलसिंकी ही फिनलंड देशाची राजधानी. फार लांबची वाट. खर्च मोठा. पैसे आणायचे कोठून? मग गावोगाव वर्गणी गोळा झाली. कोणी थोडे दिले, कोणी जास्त दिले. तरी रक्कम पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. वाचकहो, क्षणभर थांबून विचार करा. पोरगा आपल्या पोटचा नाही. तो पदक आणील याची खात्री नाही. तरी गुरुजींनी घर गहाण टाकले! खाशाबांनी पुढे कुस्त्यांची मैदाने भरवून ते पैसे फेडायला हातभार लावला, असे सांगतात.

हेलसिंकीला खाशाबा ५७ किलो वजनाच्या गटात खेळले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना त्यांनी हरवले. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशी यांच्याशी. ती कुस्ती फार वेळ चालली. अखेर थोडक्यात जपानी मल्ल जिंकला. लगोलग खाशाबांना रशियाच्या मल्लाशी लढायला बोलावले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विसावा मिळावा, असा नियम होता. पण ते सांगायला आपल्या बाजूचा जाणता माणूस त्या वेळी जवळ नव्हता, अशी हकीकत सांगतात. दमलेले खाशाबा तसेच उतरले आणि हरले. जपानच्या मल्लाला सोने मिळाले. रशियाच्या मल्लाला रुपे मिळाले. खाशाबांना कांस्य मिळाले. म्हणजे ते हरले ते फक्त पहिल्या आणि दुसऱ्या नंबराकडून.

इंग्रजी अमलात, १९०० साली, नॉर्मन प्रिचर्ड यांनी भारताच्या नावावर धावण्यात दोन पदके मिळवली होती. पण स्वतंत्र भारताचे, एकट्या खेळाडूचे पहिले पदक हे खाशाबांचेच. त्याच ऑलिंपिकात आपल्या भागातले दुसरे मल्ल केशव माणगावे वरच्या गटात चौथे आले. एका नंबराने त्यांचे पदक हुकले. त्यांचे नाव तर आता फार थोड्यांना ठाऊक आहे.

खाशाबा परत आले. कराडच्या स्टेशनावर माणसांचा समुद्र लोटला. शंभरावर बैलगाड्या जुंपून गावकऱ्यांनी मिरवणूक काढली. थोड्या वेळाची वाट, पण गावात पोचायला कित्येक तास लागले. गावाने आपल्या लेकराची कदर केली. त्यात काही कमी पडले नाही.

कमी पडले ते पुढे. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले. १९५६ च्या ऑलिंपिकला जायचे होते, पण गुडघा दुखावला आणि ते राहून गेले. खात्यात बढतीविना बरीच वर्षे गेली. १९८३ साली ते साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा अंत झाला. हयात असेपर्यंत त्यांना देशाचा एकही मोठा पुरस्कार मिळाला नाही. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे झाला, तोही मरणोत्तर. मरणोत्तर म्हणजे माणूस गेल्यावर.

असे का व्हावे? यात एका माणसाचे वैर नव्हते. कारणे साधीच आहेत.

पहिले कारण असे. खाशाबांची कुस्ती २३ जुलैला झाली. दुसऱ्याच दिवशी आपल्या हॉकी संघाने सोन्याचे पदक जिंकले. सारा देश हॉकीच्या आनंदात बुडाला. सूर्य उगवला की चांदणी दिसत नाही, तसे झाले.

दुसरे कारण. १९५२ साली असे पुरस्कारच नव्हते. पद्म पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. तोवर खाशाबांचा खेळ थांबला होता. नवा पुरस्कार नव्या खेळाडूंकडे पाहतो. जुन्यांची आठवण कोण काढणार?

तिसरे कारण महत्त्वाचे. पुरस्कार आपल्या पायांनी चालत येत नाही. कोणीतरी नाव सुचवावे लागते. अर्ज करावा लागतो. कागद जोडावे लागतात. ज्याच्यामागे लिहिणारा माणूस नाही, त्याचे काम कितीही मोठे असो, ते कचेरीत पोचत नाही.

खाशाबांच्या पदकाचे मोल कळायला देशाला फार वेळ लागला. त्यांच्यानंतर एकट्या भारतीय खेळाडूला पदक मिळाले ते १९९६ साली, टेनिसपटू लिअँडर पेस यांना. मध्ये ४४ वर्षे गेली! महाराष्ट्राला तर ७२ वर्षे थांबावे लागले. २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीत कांस्य मिळवले. त्यांना लगेच बक्षिसे जाहीर झाली. फार चांगले झाले. पण तेच कांस्य खाशाबांनी आणले, तेव्हा गुरुजींचे घर गहाण पडले होते.

आता परिस्थिती सुधारली आहे. दिल्लीतल्या कुस्तीच्या मोठ्या क्रीडागृहाला २०१० साली खाशाबांचे नाव दिले गेले. महाराष्ट्र शासनाने १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडादिन ठरवला आहे. हे सारे योग्यच आहे. पण ते पाहायला खाशाबा नाहीत.

कोणी म्हणेल, "पुरस्काराला काय चाटायचे? काम केले, झाले." हे खरे आहे. खाशाबांचे मोठेपण कोणत्याही पुरस्काराने वाढणार नव्हते आणि पुरस्कार नाही म्हणून घटलेही नाही. पण कदर न झाल्याने नुकसान होते ते मागच्यांचे. तालमीतले पोर विचारते, "एवढे करून त्यांना काय मिळाले?" आणि लंगोट खुंटीला टांगते. म्हणून जिवंतपणी कदर करावी. गेल्यावर हार घालणे सोपे असते.

मंडळी, तुमच्याही गावात अशी माणसे असतील. जत्रेची मैदाने मारलेला, आता म्हातारा झालेला पैलवान असेल. शेकडो बाळंतपणे सुखरूप केलेली सुईण असेल. त्यांच्यासाठी कोणी अर्ज लिहिला नाही. आता तुम्हाला लिहिता येते. एक वही घ्या. त्यांच्याजवळ बसा. नाव, गाव, साल आणि त्यांनी केलेले काम लिहून काढा. आणि ते वाचून त्यांनाच ऐकवा, ते आहेत तोवर.